गर्दी आणणारे गुरलिंगअप्पा

गुरलिंगअप्पांचा आवाज मोठा नव्हता, हे मी सांगितलं तर सोलापुरातली जुनी माणसं विश्वास ठेवणार नाहीत. ज्या माणसानं वीस वर्षं टांग्यात कर्णा घेऊन पेठापेठांतून सिनेमाची जाहिरात केली, त्याचा आवाज मोठाच असणार, असं सगळे धरून चालतात. पण मी चार-पाच वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहिलो आहे. ते कर्ण्यातसुद्धा ओट्यावर बसून बोलावं तसे बोलत. एकदा मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "वरडलं की मानूस कान झाकतो. हळू बोललं की जवळ येतो की."

अंगानं बारीक, रंगानं सावळे, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि उन्हाळा असो की हिवाळा, अंगात एक तपकिरी कोट. कोटाच्या खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या. पान नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा कोमट. घरात कानडी, दारात मराठी, विणकरांच्या वस्तीत तेलुगू आणि बाजारात दखनी, अशा चार भाषा ते बोलत आणि प्रत्येक भाषेत थोडे वेगळे होत. कानडीत वडीलधारे वाटत, तेलुगूत आर्जवी, दखनीत मिश्कील. मराठीत मात्र जरा तुटक.

सिनेमाची गोष्ट सांगायची ती मध्यंतरापर्यंतच, हा त्यांचा धंद्यातला नियम होता. तो इतका अंगात मुरला होता की घरच्या गोष्टीही ते तेवढ्याच सांगत. शेजारच्या घरात सासू-सुनेचं कसं जुंपलं, सून पिशवी भरून माहेरी जायला कशी निघाली, इथवर रंगवायचे आणि थांबायचे. पुढं काय झालं विचारलं की म्हणायचे, "पुढचं पडद्यावर." त्यांच्या पत्नी गौराक्का मला एकदा म्हणाल्या, "आमचं लग्न कसं जमलं ते ह्यांनी पोरीला आजून अर्धंच सांगितलंय."

पुढं टॉकीजनं जीपगाडी घेतली, टेप घेतला, आणि अप्पांना दारावर तिकिटं फाडायला उभं केलं. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. पण आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ते दोन शब्द बोलून आत सोडत, आणि त्यामुळं दाराशी रांग तुंबे. मॅनेजर रोज चिडे.

मी तेव्हा एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. वय तिशीचं. कोण कामावर किती वाजता आला याची नोंद ठेवणं हे माझं काम, आणि स्टॉपवॉच चालवता येणं ही माझी एकमेव कला. त्या कलेपायी माझी आणि अप्पांची गाठ पडली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. शहरातल्या काही तरुणांना फटफट्यांचं वेड लागलं होतं. दिवसभर गॅरेजात नाहीतर मागावर काम करायचं आणि संध्याकाळी भर पेठेतून दोघादोघांनी शर्यत लावायची. एका संध्याकाळी दत्ता नावाच्या पोराचा ताबा सुटला आणि त्याची फटफटी भाजीच्या हातगाडीवर आदळली. गाडीमागं उभ्या असलेल्या नागव्वाचा पाय मोडला. नागव्वा म्हणजे बाळीवेशीजवळ भाजी विकणारी, पन्नाशीची, तोंडानं अतिशय फटकळ बाई. तिला दवाखान्यात नेताना तिनं दत्ताला कानडीत जे ऐकवलं, ते त्याला कानडी येत नसूनही सगळं समजलं म्हणतात.

पोलिस इन्स्पेक्टरनं गॅरेजवाल्या युसूफभाईंना बोलावून घेतलं. ही सगळी पोरं त्यांच्याकडंच गाड्या दुरुस्त करायची. इन्स्पेक्टर म्हणाला, पळायचं तर गावाबाहेर, रीतसर, माझा एक हवालदार उभा करून. परत पेठेत कोणी दिसलं तर सगळ्या गाड्या जप्त.

युसूफभाईंनी जागा शोधली. अक्कलकोटच्या बाजूला एका कारखान्यासाठी सरळ, रुंद, डांबरी रस्ता करून ठेवला होता आणि कारखाना काही आला नव्हता. त्यावर पाव मैल अंतर मोजून चुन्याच्या दोन रेघा मारल्या. एका वेळी दोन फटफट्या, उभ्या जागेवरून सुटायचं, सरळ जायचं, जो पुढं तो जिंकला. वळण नाही, फेरी नाही. वेळ मोजायला मला बोलावलं. आणि अप्पांना बोलावलं ते माणसं आणायला. कारण युसूफभाईंना एक गोष्ट नीट कळली होती. ते म्हणाले, "अप्पा, ये पोट्टे पेठेत का पळतेत? लोकां बघतेत म्हणून. हितं कोण बघनारा नसला, तर महिन्याभरात परत पेठेत जातेत. मग अजून एक नागव्वा."

पहिल्या रविवारी बघायला अकरा माणसं आली. मोजणं ही माझी सवयच. त्या अकरांत दोघं आमचेच होते आणि एक शेळ्या घेऊन चाललेला धनगर होता. पहिल्या दोन गाड्या सुटल्या. धूर, आवाज, आणि वीस सेकंदांत सगळं आटोपलं. धनगरानं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग अप्पांना विचारलं, "सुरू कवा हुनार?"

"झालं," अप्पा म्हणाले.

"येवडंच?"

 अप्पा उरलेला वेळ कर्णा मांडीवर घेऊन बसून राहिले. परतताना मला म्हणाले, "त्येचं बराबर हाय. वीस सेकंदाच्या खेळाला कोन येनार? आदी त्याला मध्यंतर पायजे."

दुसऱ्या दिवसापासून ते एक वही घेऊन हिंडायला लागले. शर्यतीत पळणाऱ्या प्रत्येक पोराच्या घरी गेले. कोणाचा कोण, बाप काय करतो, आई कुठली, लग्न ठरलंय का, गाडी कशी घेतली, हे सगळं लिहून घेतलं. पुढच्या वेळी अप्पांचा जुना टांगा पेठांतून फिरला तेव्हा त्यावर फटफटीचं चित्र नव्हतं आणि वेगाचा शब्दही नव्हता. साखर पेठेत विणकरांच्या घरांपुढं टांगा उभा करून अप्पा म्हणाले, "नरसय्याचा थोरला श्रीनिवास. बाप रोज आठ तास मागापुढं उभा ऱ्हातो. पोरगं रविवारी वीस सेकंद बसनार हाय. ती वीस सेकंद कशी जातात, ते बापानं येऊन बघावं." हेच मग तेलुगूत. आत मागांवरचे धोटे खटाखट चालले होते. त्यातला एक माग थांबला आणि नरसय्या दारात आला. त्याला पोरगं शर्यतीत पळतं हेच माहीत नव्हतं.

मुरारजी पेठेत वेगळं सांगितलं, बाजारात वेगळं. त्या रविवारी तीनशेच्या वर माणसं आली. कोणी फटफटी बघायला आलं नव्हतं. भाचा, शेजारी, गल्लीतला टारगट, होणारा जावई, यांना बघायला आलं होतं. अप्पा दोन गाड्या रेघेवर उभ्या करून आधी दहा मिनिटं त्या दोन पोरांबद्दल बोलत. वीस सेकंदांचा खेळ त्यांनी अर्ध्या तासाचा केला. बसायला सावली हवी म्हणून विणकरांकडच्या सदोष निघालेल्या चादरी बांबूंवर ताणल्या. शर्यत दुपारची सकाळी आणली, म्हणजे ऊन बघणाऱ्यांच्या पाठीवर येईल. पाण्याचे रांजण ठेवले. अन् बायकांसाठी पुढची जागा राखली.

"बायका कशाला येतील?" मी विचारलं.

"बाई आली की घर येतं," अप्पा म्हणाले, "आन् नागव्वा आली की बाळीवेस येती."

मला वाटलं ते गमतीनं म्हणताहेत. पण दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन खरंच नागव्वाकडं गेले. पाय प्लास्टरमधून नुकता सुटला होता. बाज दारात टाकून ती काठीनं कोंबड्या हाकलत होती. अप्पांनी रविवारी यायचं आमंत्रण दिलं. तिनं आधी त्यांचा, मग माझा, मग युसूफभाईंच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला.

"माजा पाय मोडला त्यांनी, आन् मी त्यांची मज्जा बगायला येऊ?"

"बगायला न्हाय," अप्पा शांतपणे म्हणाले. "सोडायला. निशान तुज्या हातात. तू खाली केल्याबिगर एक बी गाडी हलनार न्हाय."

"आन् न्हाय केलं तर?"

"तर उबी ऱ्हातील."

नागव्वानं काठी खाली ठेवली. "किती येळ?"

"तू म्हनशील तितका येळ."

रविवारी ती टांग्यातून आली. तिला रेघेजवळ खुर्ची दिली, हातात हिरव्या खणाचं निशाण दिलं. पहिल्याच जोडीत दत्ता होता. अप्पांनी लोकांना सगळं सांगितलं, काही झाकलं नाही: हा तो पोरगा, ही ती बाई, हा तो पाय. मग कर्णा खाली घेतला. गाड्या सुरू झाल्या. नागव्वानं निशाण वर केलं आणि तसंच धरलं. मग तिला तहान लागली. पाणी आलं, ती सावकाश प्यायली. पदर नीट केला. इंजिनं तापत होती, दत्ताचा घाम हनुवटीवरून ठिबकत होता, आणि लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. माझ्या घड्याळाप्रमाणं तिनं त्यांना अकरा मिनिटं उभं केलं. मग दत्ताला म्हणाली, "डोक्याला काय न्हाय बांदलंस? फुटलं तर तुजी आई मला विचारंल. जा, कायतरी बांदून ये." कोणाचा तरी डोक्याचा लोखंडी टोप मिळाला, तेव्हा कुठं निशाण खाली आलं.

त्या दिवसापासून टोपाशिवाय कोणी पळायचं नाही, हा नियमच झाला. तो नियम ना इन्स्पेक्टरनं केला, ना आम्ही. नागव्वानं मात्र पुढं एकही रविवार चुकवला नाही. दत्ता तिला न्यायला-आणायला जायला लागला.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. अप्पांनी स्वतः एकही शर्यत पाहिली नव्हती. गाड्या सुटायच्या वेळी ते रस्त्याकडं पाठ करून उभे राहत आणि लोकांकडं बघत. कोण जिंकलं हे त्यांना चेहऱ्यांवरून कळे. कधी दोन्ही पेठांचे चेहरे सारखेच खुलले की मला हळूच विचारत, "टायमवाले, कोन आलं पैलं?" मी विचारलं, एकदा तरी वळून बघावंसं वाटत नाही का? ते म्हणाले, "त्या वक्ताला नरसय्याचं तोंड तुमी बगितलंय का? मग गाडीत काय हाय."

तिसऱ्या वर्षी एक भानगड झाली. तोवर शर्यतीचं एक मंडळ झालं होतं; त्यात विलास नावाचा एक तरुण आला होता, कापड दुकानदाराचा मुलगा, उत्साही, घाईचा. त्याला पाच हजार माणसं हवी होती. कोणाला न विचारता त्यानं हँडबिलं छापली आणि मोहोळपासून अक्कलकोटपर्यंत एस.टी.च्या थांब्यांवर वाटली. त्यात मोठ्या अक्षरांत एका नामांकित सिनेनटीचं नाव होतं. ती म्हणे शर्यतीला हजर राहणार होती.

अप्पांना ते हँडबिल शनिवारी दुपारी एका हॉटेलात, भज्यांच्या पुड्याला गुंडाळलेलं मिळालं. त्यांनी ते सरळ करून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि युसूफभाईंच्या गॅरेजवर आले. मी तिथंच होतो.  ते म्हणाले, "टांगा काढा. आताच फिरून सांगून येतो, कोन बी येनार न्हाय म्हनून." पण खेडोपाड्यांत टांगा कुठवर पोचणार? शहरातल्या चार पेठा फिरून झाल्या तोवर अंधार पडला होता.

रविवारी सकाळी माणसांचा पूर लोटला. बैलगाड्या, ट्रॅक्टर, सायकली. लहान मुलं खांद्यावर. मी मोजायचा नाद सोडून दिला. चादरींची सावली कुठल्या कुठं हरवली. आठ वाजले, नऊ वाजले. "कुटं हाय?" "कवा येनार?" अशी कुजबूज वाढत चालली. हवालदार एकटा होता आणि तो युसूफभाईंच्या मागं येऊन उभा राहिला होता.

युसूफभाई घाबरून अप्पांना म्हणाले, "अप्पा, बोलून टाका, बाईंची मोटार रस्त्यात बंद पडली."

"मोटार बंद पडली?" अप्पा म्हणाले. "आन् शर्यत गॅरेजवाल्यांची. मग जा की, दुरुस्त करून आना, म्हनतील लोक."

ते टांग्यावर चढले.   कर्णा तोंडाशी धरला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "बाई येनार न्हाईत. त्यांना कोनी बोलावलंच नव्हतं. कागद खोटा हाय. चूक आमची हाय." मग हेच कानडीत, मग तेलुगूत, मग दखनीत. एका भाषेतलं ऐकून माणसं उठत होती तोवर दुसऱ्या भाषेतली उठत होती. गलका झाला. कोणीतरी दगड मारला, तो कर्ण्याला लागून ठण्णकन वाजला. अप्पा खाली बसले नाहीत. म्हणाले, "दगड माराय हरकत न्हाय. पर तुमी पहाटंपासून चाललाव. पानी प्या, मग मारा."

 तेवढ्यात नागव्वा खुर्चीतून उठली. काठी टेकत टांग्यापाशी आली, अप्पांच्या हातातून कर्णा ओढून घेतला आणि त्यात ओरडली, "ती न्हाय आली तर न्हाय आली. मी आलीया की."

 मग बाळीवेशीच्या बायका हसल्या, त्यांच्या मागचे हसले, आणि ज्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं ते हसणाऱ्यांना बघून हसले. ते हसू मागं मागं सरकत पार बैलगाड्यांपर्यंत गेलं. नागव्वानं खणाचं निशाण वर केलं. काही माणसं निघून गेली, शिव्या देत गेली. पण पुष्कळ बसली. अप्पांनी त्या दिवशी एकेका पोराचं असं वर्णन केलं की मोहोळची माणसंसुद्धा साखर पेठेच्या बाजूनं आणि मुरारजी पेठेच्या बाजूनं वाटली गेली. विलासला त्यांनी एकच शिक्षा दिली. हातात घागर आणि पेला दिला आणि दिवसभर पाणी वाटायला लावलं. संध्याकाळी त्याला घागर धरवत नव्हती.

शर्यत संपल्यावर अप्पा मला म्हणाले, "चला." रस्ता जिथं मोठ्या सडकेला मिळतो तिथं जाऊन ते उभे राहिले आणि परतणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला, प्रत्येक सायकलला हात जोडून म्हणाले, "फसवनूक झाली, माफी असावी." दोन तास लागले. शेवटी शेवटी आवाज उमटत नव्हता, नुसते ओठ हलत होते. एक म्हातारा शेतकरी गाडी थांबवून म्हणाला, "पुन्यांदा कवा हाय?" अप्पांना सांगता येईना. मी तारीख सांगितली.

त्यानंतर पंधरा दिवस त्यांचा आवाज बसला होता. ते रोज गॅरेजवर येत आणि पाटीवर लिहून विचारत: लोक काय म्हणतात? आम्हालाही तीच धास्ती होती. माणसं फिरली तर सगळं फिरलं. पुढच्या शर्यतीला कसलीही जाहिरात नव्हती; अप्पांनी फक्त टांग्यातून फिरून पळणाऱ्या पोरांची नावं वाचली. हँडबिलाच्या वेळेइतकी गर्दी झाली नाही. पण तिच्या निम्मी झाली, आणि तो म्हातारा शेतकरी सहकुटुंब आला. अप्पा टांग्यावरून उतरून त्याच्या बैलांना पेंढी टाकायला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. धूळ गेली म्हणाले.

दोन वर्षांनी शर्यती थांबल्या. त्या रस्त्यावर गोदामं झाली, ट्रकांची वर्दळ सुरू झाली. पेट्रोल महागलं. पोरांची लग्नं झाली, फटफटीच्या टाकीवर मुलं बसायला लागली. पेठेत मात्र परत कोणी पळालं नाही. अप्पा आणि गौराक्का दुधनीला लेकीकडं राहायला गेले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. गिरणीतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला दुधनीला गेलो होतो. गाडीतून उतरून मांडवाकडं निघालो, तर बाजाराच्या रस्त्यानं एक छोटी मिरवणूक येताना दिसली. पुढं तपकिरी कोट. मागं एक धान्याचा व्यापारी, गळ्यात टेप अडकवलेला एक शिंपी, हाताला पीठ लागलेली एक बाई, आणखी चार-सहा जण. अप्पा एका दुकानापुढं थांबून आतल्या माणसाशी कानडीत काहीतरी बोलत होते. त्यानं मान हलवली, यांनी परत सांगितलं. शेवटी तो उठला आणि दुकानाच्या फळ्या लावायला लागला.

मला बघून अप्पांनी ना हालहवाल विचारली, ना नवल केलं. "बरं झालं आलाव," म्हणाले. "शाळंत धावायची शर्यत हाय. पोरं धावतेत आन् बगायला दोन मास्तर. चला."

"अप्पा, लग्न आहे. मुहूर्त जवळ आलाय."

"नवरा-नवरी पळून जानार न्हाईत," ते म्हणाले आणि पुढं चालायला लागले.

मी गेलो. शाळेचं मैदान म्हणजे बाभळीनं वेढलेला एक मोकळा तुकडा. आम्ही जेमतेम पंधरा-वीस जण एका कडेला उभे राहिलो. मुलींची शर्यत सुटली. पीठ लागलेल्या बाईची मुलगी सगळ्यांत शेवटी होती. तिनं धावता धावता आईला पाहिलं, अडखळली, आणि मग असं तोंडभर हसत धावत आली की तिच्या पुढं कोण कोण गेलं ते मला आठवत नाही. बाई टाळ्या वाजवत होती आणि हातांवरचं पीठ उडत होतं.

मी अप्पांना काहीतरी म्हणायला वळलो. ते जागेवर नव्हते. फाटकातून बाहेर पडून, धोतराचा सोगा हातात धरून लगबगीनं चालले होते. दूर रस्त्यावरून एक बैलगाडी चालली होती, आणि तिच्यात चार माणसं बसली होती.